आक्कांची गाडी चार दिवस पार्किंगला नाही

सेक्रेटरी काका: सी विंगच्या आक्कांची गाडी सोमवारपासून दिसत नाही. वॉचमन म्हणतो, गादी अन् घडीची खाट गाडीत टाकून एकट्याच गेल्या. कुणाला काही माहिती?

बी-१०३ वहिनी: मला सांगून गेल्यात काका, तोरणमाळला. रोज रात्री आठला मेसेज येतो. चावी माझ्याकडे आहे, तुळशीला पाणी मीच घालते.

सेक्रेटरी काका: वय ६४, मुलगा पुण्यात. कुणाला विचारायचं तरी.

डी-१ मावशी: कथा चालनी वं माय एकली? रातले भेव नही लागस का तुले?

बी-१०३ वहिनी: खरं सांगते, काल आठचा मेसेज आला नाही. वर रेंज नसेल हे आक्कांनी आधीच सांगितलं होतं. सकाळी दहापर्यंत वाट बघ, मग लॉजवर फोन कर, असं ठरलंय. तरी रात्रभर डोळा लागला नाही.

सी-२०४ आक्का: घरी पोचले, सगळं वाचलं. काका, राग नाही आला. गाडी जागेवर नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं, बरं वाटलं. मुलाला सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. वहिनी, तुमची झोप गेली, मला माफ करा.

मावशी, भेव लागस. म्हणून तर अंधारात गाडी चालवत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण समोरून अप्पर मारत ट्रक आला की रस्त्याची कडच दिसत नाही. त्यात चोपडा-शिरपूर पट्ट्यात ऊस-कापसाच्या ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. पाचला मुक्काम म्हणजे पाचला. पहिली रात्र अडावदजवळ, उनपदेवच्या अलीकडे. दुसरी शहाद्यात लॉजवर. मग सकाळच्या उजेडात घाट.

ई-४०१ ताई: आक्का, मला ५८ झाली. गाडी येते, मनातही फार आहे. पण तंबू लावायचा कुठे?

सी-२०४ आक्का: जंगलात नाही. यावल अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, जाळ करणं तर गुन्हाच आहे. मी गावाला धरून थांबते. किराणा दुकानात नाहीतर हापशावर एखादी बाई बघायची अन् सांगायचं, मी जळगावची, रात्रीपुरतं थांबायचंय, कुठं बरं पडेल? जागा तीच दाखवते. अडावदकडे एका शेतकरीण बाईनं आपल्या खळ्यावर जागा दिली. मुरमात तंबूची खुंटी जाईना, दोन तर वाकल्या. ती काही न बोलता घराकडे गेली, पाटीत दगड घेऊन आली. एकेका दोरीला दगड बांधला, वर दुसरा ठेवला, ओढून बघितला. मग विचारलं, ‘तुमना घरमा कोन कोन शे?’ माझ्याजवळच्या दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी दोघींनी मिळून खाल्ली. रात्री तिच्या ओट्यावरचा दिवा तंबूतून दिसत होता. मला झोप लागली ती त्या दिव्याच्या भरवशावर.

झोपते खाटेवरच. जमिनीवरून उठायला गुडघे ऐकत नाहीत, शिवाय मण्यार रात्रीच अंथरुणात शिरते. तंबूची चेन पूर्ण लावायची, सकाळी चपला झटकून पायात घालायच्या. गाडीत झोपायची वेळ आलीच तर इंजिन बंद अन् काचा दोन बोटं खाली. एसी लावून झोपायचं नाही. धुरातला विषारी वायू आत साचला तर वाससुद्धा येत नाही.

सेक्रेटरी काका: लायसन्स चालू आहे ना? पंचावन्ननंतर पाच वर्षांचंच मिळतं.

सी-२०४ आक्का: हो काका, डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन मागच्या वर्षीच करून घेतलं.

एक गोष्ट मात्र चुकली. तोरणमाळहून उतरताना सातपायरी घाटात पंक्चर झाली. स्टेपनी होती, जॅक होता, पण गॅरेजवाल्यानं नट मशीननं इतके आवळलेले की पाना हलेना. पान्यावर उभी राहिले तरी नाही. अर्धा तास बसले होते, तेव्हा खरी घाबरले. मोटारसायकलवरून एक पावरा आदिवासी पोरगा आला. त्यानं खाली जाऊन लोखंडी पाइप आणला, पान्याला लावला, अन् पहिला नट कर्र करून सुटला. पैसे घेईना. उरलेल्या दोन दशम्या दिल्या, त्या घेतल्या.

वर यशवंत तलावाकाठी पहाटे बसले होते. पाण्यावर वाफ, दुसरं कुणी नाही. यांच्या माघारी सात वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं.

डी-१ मावशी: जाय माय, जाय. पन सांगीसन जाय.

ई-४०१ ताई: जानेवारीत पाटणादेवी करायची का? मी माझी गाडी आणते.

सी-२०४ आक्का: करू. ते गौताळा अभयारण्यात आहे, म्हणून मुक्काम चाळीसगावात अन् सकाळी दर्शन. भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख तिथलाच. पण आधी उद्या पार्किंगला ये, दोन्ही गाड्यांचे नट सोडवून हातानं आवळू.

सेक्रेटरी काका: लांब दांड्याचा पाना माझ्याकडे आहे. सातला खाली येतो. अन् आक्का, पुढच्या वेळी आठच्या मेसेजमध्ये माझाही नंबर घाला.