रेषांतर म्हणजे कुठलं अंतर? (समोच्च, समतल, कंटूर)

भाचीचा नववीचा भूगोल घेताना अडकलो. नकाशाखाली ‘समोच्च रेषांतर 20 मीटर’ लिहिलेलं, तिने पट्टी लावून दोन रेषांमधली जागा मोजली आणि म्हणाली मामा इथे दोन मिलिमीटर, तिथे आठ, मग 20 मीटर कुठे सारखं आहे? शिवाय नदीकाठची रेषा कुठून ‘उच्च’ झाली?

---

उच्च इथे उंच नाही हो, उंची. सारख्या उंचीच्या जागा जोडल्या की ती रेषा, मग ती खाडीकाठी का असेना. घोळ ‘अंतर’ने केलाय. ते 20 मीटर उभे आहेत, एका रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलात की तेवढं चढलात किंवा उतरलात. पट्टीने मोजता ते आडवं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 टोपोशीटवर (जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा) 2 सेंमी म्हणजे 1 किमी, म्हणजे तिचे दोन मिलिमीटर झाले 100 मीटर, आणि 100 मीटरात 20 चढायचं म्हणजे दम लागणार. आठ मिलिमीटरवाली जागा 400 मीटर, तिथे गप्पा मारत जाल.

---

आमच्या गावात समोच्च म्हटलं तर कोणी मान वर करणार नाही. पाणलोटाच्या कामात ‘सलग समतल चर’ किंवा नुसतं सीसीटी, म्हणजे कंटिन्युअस कंटूर ट्रेंच. ए-फ्रेमने (A आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) पातळी धरून चुन्याची फक्की मारत जायची, तीच तुमची कंटूर.

---

समतल म्हणजे सपाट ना? चर तर उतारावर खणता!

---

चराचा तळ एका पातळीत, डोंगर नाही. पातळी चुकली की पाणी जिरायच्या ऐवजी एका टोकाला पळतं आणि चर फुटतो. म्हणून काहीजण समपातळी चर म्हणतात, मला तोच शब्द बरा वाटतो.

---

ट्रेकवाले सरळ कंटूर म्हणतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी या रेषा इतक्या चिकटतात की मोजायचं नाव नको. दर पाचवी रेषा जाड असते, 100 मीटरची, तीच धरून मोजा. कळसूबाई बघा, जाड 1600, मग बारीक 1620, 1640 आणि संपलं, 1646 वर रेषा येतच नाही, तो आकडा माथ्यावर वेगळा छापतात.

---

सगळ्यांचे आभार. भाचीने वहीत रेषांतर खोडून ‘चढ 20 मीटर’ लिहिलंय, बाई मार्क देतात का बघू.