गायतोंडे मोबाइलवर 'बघून झाले'?

रंगारी_ठाणे : काल इथं एकानं ठोकून दिलं, 'समकालीन चित्रकलेवर मराठीत वाचण्यासारखं काही नाही. इन्स्टा उघडा, गायतोंडे-बरवे दहा मिनिटांत बघून होतात.' बघून होतात! अहो, चित्रकार वासुदेव गायतोंडे कॅनव्हासवर रोलर फिरवायचे, रंग खरवडायचे, कागदाच्या तुकड्यांनी उचलायचे. खालचा थर वरच्यातून झिरपतो, तो समोर उभं राहिल्यावर कळतो. मोबाइलवर उरतो नुसता पिवळा चौकोन. आणि मराठीत काही नाही? मग सतीश नाईकांनी 'चिन्ह' हे चित्रकलेचं नियतकालिक कशापायी चालवलं? चित्रकार प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० चं आहे. वाचायचा कंटाळा येतो, असं सरळ सांगा की.

परभणीकर : काका, तुम्ही लोकल पकडली की जहांगीर आर्ट गॅलरी. आमच्याकडं गॅलरी सोडा, शाळेच्या चित्रकला शिक्षकाची जागासुद्धा रिकामी. 'चिन्ह'चा अंक पहिल्यांदा दिसला तो पुण्यात, रूम पार्टनरच्या गादीखाली. २०१९ ला मुंबईत बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं, ते आम्हाला कळलं तिथं अमोल पालेकरांना भाषणात अडवलं म्हणून! चित्रांबद्दल आमच्या पेपरात एक ओळ नव्हती. बरव्यांची घड्याळं, पानं मी फोनवरच पाहिली, बोटांनी मोठी करून करून.

भिंगवाला : +१. २०२१ ला गायतोंड्यांचं चित्र ३९.९८ कोटींना गेलं, तेव्हा आमच्या पेपरात आकडा ठळक आणि चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. तेही काळंपांढरं.

सुमन_नाशिक : ते राहू द्या. जुने अंक कुणाकडे आहेत का? आमच्या वाचनालयानं दिवाळी अंकांचे गठ्ठे रद्दीत काढले. मी पोचेपर्यंत टेम्पो भरलेला, हाती लागलं एक सुटं मुखपृष्ठ. ज्यांच्याकडे असतील त्यांनी स्कॅन करून टाका.

खिळेजुळारी : टाका म्हणजे? लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क असतो. बरवे १९९५ ला गेले, हिशेब करा. मी एका दिवाळी अंकात प्रदर्शनावर लिहिलं होतं. मानधन म्हणून अंकाची एक प्रत, तीही तीनदा फोन केल्यावर. आता त्याचीही फुकट पीडीएफ वाटा.

सुमन_नाशिक : आणि रद्दीवाल्यानं किती मानधन दिलं तुम्हाला?

खिळेजुळारी : ताई, टोमणे नकोत. पोटावर पाय येतो तेव्हा कळतं.

परभणीकर : म्हणजे छापील अंक मिळत नाही, स्कॅन वाचला तर चोर, फोनवर पाहिलं तर अडाणी. एकदाचं सांगून टाका, आम्ही चित्रं बघायचीच नाहीत.

रंगारी_ठाणे : अडाणी कोण म्हणालं? उगाच तोंडी शब्द घालू नका. फोनवर बघा, खुशाल बघा. पण वर एक रील, खाली एक रील, मध्ये अर्धा सेकंद गायतोंडे, आणि त्यावर 'झाले बघून'? ते चालायचं नाही. स्कॅनचं म्हणाल तर संपादक नि लेखकांना विचारून करा, माझ्याकडचे अंक देतो. परत मात्र हवेत. मागे एका 'अभ्यासू' मित्रानं नेलेले अजून आले नाहीत.

परभणीकर : वा, मोठीच कृपा झाली. पहिला अंक कोणता देताय?

सुमन_नाशिक : कुरियरचा खर्च माझा. खिळेजुळारी, तुमचा लेख ज्यात आहे तो अंक कुठला, ते कळवा. तुम्हाला पहिलं विचारते, तेही एकाच फोनमध्ये.