मदत हवी आहे: साखर निर्यात अनुदानाबाबत जगाला दिलेला शब्द आपण पाळला का?

नमस्कार मंडळी,

मी शिरोळ तालुक्यातली. घरचा अडीच एकर ऊस आहे, थोडी आडसाली लागण, बाकी खोडवा. गाळप सुरू व्हायच्या आधी आमच्या गावात पंधरा-वीस शेतकरी एकत्र बसून एफआरपी (केंद्राने कायद्याने ठरवलेला उसाचा किमान दर), उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), तोडणी-वाहतूक यांचा हिशोब मांडतात. यंदा त्यांच्यासाठी जागतिक व्यापार संघटनेतल्या साखरेच्या वादावर चार पानी टिपण लिहायचं मी कबूल केलं आहे. पहिलं पान झालं, दुसऱ्यावर अडकले आहे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका बिलामुळे. 2019-20 च्या हंगामात आमचा ऊस जानेवारीत तुटला. काटा पावत्या वडिलांनी नेहमीसारख्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवल्या. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे जमा व्हायला हवेत. पहिली उचल मिळाली, पण उरलेली रक्कम पाऊस लागला तरी आली नव्हती. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात प्रत्येक खेपेला एकच उत्तर: "निर्यातीचं अनुदान दिल्लीहून यायचंय, ते आलं की लगेच सोडतो." खताच्या दुकानदाराला वडील तेच वाक्य जसंच्या तसं सांगायचे. मला ते ऐकवत नसे.

त्या हंगामात केंद्राने 60 लाख टन साखर बाहेर जावी म्हणून टनाला 10,448 रुपये जाहीर केले होते, एकूण 6,268 कोटी. पुढच्या वर्षी टनाला 6,000 झाले आणि मे 2021 मध्ये ते 4,000 वर आणले.

आता दुसरी बाजू. डिसेंबर 2015 मध्ये व्यापार संघटनेच्या नैरोबीतल्या मंत्रिस्तरीय परिषदेत ठरलं की विकसनशील देशांनी शेतमालावरचं निर्यात अनुदान 2018 अखेर बंद करायचं. विपणन आणि वाहतुकीच्या खर्चापुरती मदत 2023 अखेरपर्यंत चालणार होती. त्या ठरावात आपणही होतो. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्याविरुद्ध तक्रार नेली. 14 डिसेंबर 2021 ला संघटनेच्या तंटा तपासणाऱ्या पॅनेलचा अहवाल आला आणि तो आपल्या विरोधात होता. 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्के मर्यादेपेक्षा जास्त होता, निर्यात योजनाही नियमबाह्य होत्या आणि त्या 120 दिवसांत मागे घ्याव्यात, असं त्यात म्हटलं आहे. भारताने लगेच अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर 2019 पासून बंद पडलेलं आहे, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवते आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत.

पहिली, 10,448 रुपयांत हाताळणी, प्रक्रिया, देशातली आणि समुद्रापलीकडची वाहतूक हे सगळे खर्च धरले होते. म्हणजे 2023 पर्यंतची सवलत डोळ्यांसमोर ठेवूनच योजना आखलेली दिसते. मग ती मान्य का झाली नाही?

दुसरी अडचण मला जास्त छळते. एफआरपीचा पैसा कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही. मग तो "सरकारी आधार" कसा ठरतो? शिवाय संघटनेच्या शेती करारात तुलनेसाठी 1986-88 चे दर धरलेले आहेत. ऊस तर कोणी जहाजात भरून विकत नाही, मग त्याचा आंतरराष्ट्रीय दर काढायचा कशावरून?

आणि तिसरं, अपील लटकलेलं असताना हा निकाल बंधनकारक आहे की नाही? शेतकऱ्यांसमोर "भारत हरला" असं लिहू की "प्रकरण प्रलंबित" असं?

कृपया "मोठे देश कुठे पाळतात" एवढ्यावर सोडू नका. त्यांच्या अनुदानाचा राग मलाही आहे. पण आपण सही केली असेल तर आपलं काय झालं, हे आपल्या माणसांना नीट कळायला हवं.

प्रतिसाद:

ताई, व्यापार कायद्याच्या कामात काही वर्षं घालवली आहेत, त्या आधारावर लिहितो.

2023 पर्यंतची सवलत शेती करारातल्या कलम 9.4 ची. ती 9.1 मधल्या ड आणि इ या दोनच प्रकारांना लागू होते, विपणन खर्च आणि देशांतर्गत वाहतूक. पॅनेलने आपल्या योजना 9.1 अ मध्ये घातल्या, म्हणजे निर्यात केली तरच मिळणारी थेट रक्कम. त्यामुळे ती सवलत उपयोगी पडली नाही. खर्चाची नावं काहीही लिहिली तरी पैसे कशावर अवलंबून आहेत हे पाहिलं जातं.

एफआरपीबद्दल भारताने नेमका तुमचाच मुद्दा मांडला होता. पॅनेलचं म्हणणं असं की सरकारने कायद्याने किमान दर बांधला की बाजारभावाचा आधार झाला, खरेदी कोण करतं हे महत्त्वाचं नाही. माझ्या मते हा भाग अपिलात लढण्यासारखा आहे. 1986-88 चा दर आजच्या एफआरपीशी ताडणं तर उघड अन्याय आहे, आणि धान्यखरेदीच्या वादातही भारत हेच सांगत आला आहे.

अपील निकाली निघेपर्यंत अहवाल स्वीकारला जात नाही, म्हणून 120 दिवसांचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. "भारताविरुद्ध निष्कर्ष, अपील प्रलंबित" असं लिहा. मात्र निर्धास्त राहू नका. अशा लटकलेल्या प्रकरणांत स्वतःहून प्रतिकार करता यावा म्हणून ब्राझीलने 2022 मध्ये कायदा केला आहे.

एक गोष्ट टिपणात जरूर घ्या. 2021-22 मध्ये सुमारे 110 लाख टन साखर अनुदानाशिवाय बाहेर गेली, कारण जगात भाव चढला होता. जून 2022 पासून सरकारने उलट निर्यातीवरच बंधन घातलं.

मूळ प्रश्नकर्ती:

दादा, मनापासून आभार. कलम 9.4 चा गुंता सुटला, दुसरं पान आज रात्री पूर्ण करते.

तुमच्या शेवटच्या परिच्छेदावरून मात्र वाटतं की अनुदान थांबलं ते भावामुळे, दिलेल्या शब्दामुळे नव्हे. तसं असेल तर भाव पडला की योजना परत येईल आणि आमचं बिल परत दिल्लीच्या फायलीला बांधलं जाईल. टिपणात हे मी स्पष्ट लिहिणार आहे.

आणखी एक विचारते. अहवालात असंही आहे की उसाच्या आधाराची माहिती भारताने 1995-96 नंतर संघटनेला कळवलीच नाही, आणि निर्यात अनुदानाची 2009-10 पासून. दर बांधणं शेतकऱ्यासाठी होतं, ते मला पटतं. पण माहिती कळवायला कोणाचं नुकसान होतं? त्या निकालानंतर भारताने उसाचे आकडे सादर केले आहेत का, आणि असतील तर संघटनेच्या संकेतस्थळावर ते कोणत्या समितीच्या कागदपत्रांत शोधायचे? कोणी वाट दाखवली तर तिसरं पान त्यावरच लिहीन.