गौरीला तिखटाचा नैवेद्य : माहेर-सासरचा घोळ

वऱ्हाडीण_ठाण्यात :
माझं माहेर अमरावतीकडचं. तिथे आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी आडण्यांवर उभ्या, पुढे त्यांची दोन बाळं, वर फुलोरा टांगलेला. सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील. आई त्या दिवशी कडक सोवळ्यात.

सासर संगमेश्वर तालुक्यातलं. तिथे गौर म्हणजे तेरड्याचे डहाळे, त्यांनाच मुखवटा आणि साडी. आणि पूजनाच्या दिवशी नैवेद्याला वडे आणि कोंबडी! पहिल्या वर्षी मी त्या ताटाकडे बघतच राहिले होते.

यंदा सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे गावचं घर उघडणार नाही, गौर आमच्या फ्लॅटमध्ये बसणार. त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "जमेल तसं कर गो, ती काय परकी आहे?" आता आईही तेव्हा येतेय. तिला तिखटाचं कळलं तर काही खरं नाही. सरळ गोडाचाच नैवेद्य करू का? आणि गेल्या वर्षी गौर गणपतीच्या चौथ्या दिवशी आली होती, यंदा कॅलेंडरात पाचव्या दिवशी दिसतेय. छपाईची चूक आहे का?

पंचांगवाला :
चूक नाही. गणपती तिथीने येतो, गौर नक्षत्राने. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन, मूळ नक्षत्रात विसर्जन. ज्येष्ठागौरी हे नाव त्यावरूनच. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि आवाहन १० ला होतं. यंदा, २०२५ मध्ये, चतुर्थी २७ ऑगस्टला, आवाहन ३१ ला, विसर्जन २ सप्टेंबरला. म्हणजे गौरीबरोबर गणपती जाणार असेल तर तो सातव्या दिवशी जाईल. ऑफिसात रजा टाकताना हे बघा, आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी फसतं.

सुपातली :
बाई, पुरण हवं तर जोडीला कर, पण तिखट चुकवू नकोस. आमच्या चिपळुणाकडे गौर माहेरवाशीण. वर्षाने तीन दिवस आलेल्या लेकीपुढे तू पथ्याचं जेवण ठेवशील? आली त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी, दमून आलेली असते. दुसऱ्या दिवशी मानाचं जेवण, वडे-सागोती.

गणपतीची काळजी करू नकोस. माझी आजेसासू नैवेद्य दाखवताना दोघांच्या मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा धरायला लावायची, लेकाने आईच्या ताटात डोकवायला नको म्हणून. मी नवी होते, तेव्हा पडद्याचं एक टोक माझ्याकडे. हात भरून यायचे, कारण म्हातारी गौरीशी गप्पा मारत बसायची. पाऊस कसा झाला, भात कुठवर आलाय, म्हैस आटली, सगळं. पोथीतली कोलासुराची गोष्ट तिला धड येत नव्हती, पण गौरीला घरातलं काही सांगायचं राहिलं नाही.

तेरडा बाजारातला चालेल, फक्त मुळं असलेला बघून घे. मुळं म्हणजेच गौरीची पावलं. छाटलेल्या जुड्या देतात, त्या नको. उंबऱ्यावर त्या मुळांवर पाणी घाल, हळदीकुंकवाची पावलं काढत तिला आत आण. "गौर आली, कशाच्या पावलांनी?" "सोन्यारुप्याच्या पावलांनी" असं विचारायला-सांगायला कोणीतरी हवं, शेजारीण बोलाव. मग घरभर फिरव. आम्ही गोठा, कोठार दाखवायचो, तू फ्रीज उघडून दाखव.

घावनघाटलं :
आमच्या खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे मुक्याने आणायचे, घावन-घाटल्याचा नैवेद्य. प्रत्येकाची रीत वेगळी हे मान्य, पण सणाला मांसाहार मनाला पटत नाही. आई येतेच आहे तर यंदापुरतं गोड केलं तर बिघडलं कुठे?

सुपातली :
उद्या मी पाहुणी आले म्हणून तुम्ही खड्यांचा तेरडा कराल का? तिच्या सासरची गौर आहे, सासरचंच जेवेल.

वऱ्हाडीण_ठाण्यात :
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. मुळांचा तेरडा तिसऱ्या बाजारात मिळाला, तोही भाजीवाल्या मावशींनी दुसऱ्या दिवशी आणून दिला तेव्हा. फ्रीज दाखवला. आत अर्धा दुधी आणि इडलीचं पीठ होतं, मलाच लाज वाटली.

आईला मी आधीच फोनवर सांगून टाकलं. दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःचं पातेलं घेऊन आली. सकाळी तिने आंबील केली, ती गौरीपुढे ठेवली आणि बेडरूममध्ये जाऊन बसली. सागोती मी केली, वडे नवऱ्याने थापले, दोन फुगले नाहीत. नैवेद्याच्या वेळी एका हातात ताट, दुसऱ्या हातात ओढणीचं टोक, अशी माझी कसरत चालली होती. आई उठून आली. नाकाला पदर लावला, तोंड खिडकीकडे केलं आणि दुसरं टोक धरलं. "आटप लवकर," म्हणाली, "तिचं गार होतंय."