विसरते म्हणून चिंता, की चिंतेमुळे विसरते?

साताऱ्याची_लेक:
वय ३६. एका कर सल्लागारांकडे काम करते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अँक्झायटी सांगून गोळी सुरू केली. छातीतली धडधड थांबली, झोप लागू लागली. विसरणं मात्र होतं तसंच आहे.

गेल्या २० तारखेला एका अशिलाचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं होतं. घरूनच काम होतं. सकाळी दहाला पोर्टल उघडलं, ओटीपीसाठी फोन हातात घेतला, तर वहिनीचा मेसेज दिसला. तो वाचता वाचता दूध तापत ठेवलं, दूध बघता बघता ओट्याखालचा कप्पा आवरायला घेतला. दूध उतू गेलं आणि दुपारी अडीचला रिटर्न आठवलं. रात्री मग पोटात गोळा: आणखी काय राहिलंय?

बहिणीच्या आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, निघालंय. डॉक्टरांनी तिला विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? तेव्हापासून मला चैन नाही. यातलं काय कशामुळे, हे कसं ओळखायचं?

कण्हेर:
ताई, मला ४१व्या वर्षी अँक्झायटी आणि एडीएचडी दोन्ही निघालं. माझ्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न तुम्हालाही विचारते. ज्या दिवशी कसलीच काळजी नसते, त्या दिवशी काय होतं?

मला माहेरचा गणपती आठवला. सगळं आई बघत होती, मला कसलंही टेन्शन नव्हतं. आरतीला काडेपेटी आणायला म्हणून मी मागच्या दारी गेले आणि कण्हेरीची फुलं वेचत बसले. आरती सुरू झाली तेव्हा भानावर आले. मन अगदी शांत होतं, तरीही हातातलं काम निसटलं होतं.

मग डॉक्टरांनी माझं लहानपण विचारलं, आईशीही फोनवर बोलले. एडीएचडी मोठेपणी अचानक उगवत नाही. त्याच्या काही खुणा बाराव्या वर्षाच्या आत दिसलेल्या असाव्या लागतात, आणि त्रास एकाच ठिकाणी नाही, तर घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावा लागतो. माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा: 'हुशार आहे, लेखन अपूर्ण.' मी वर्गात दंगा करणारी नव्हते, खिडकीबाहेर बघत बसणारी होते. म्हणून कुणाला शंकाच आली नाही. मुलींच्या बाबतीत हे फार होतं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वाडीकर:
माझं उलट झालं. ऑनलाइन चाचणी केली आणि एडीएचडीच आहे असं धरून चाललो. बँकेत आहे. आकडे तीन-तीनदा तपासूनही चुकायचे. मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, हे कधीपासून? तेव्हा लक्षात आलं, वडिलांच्या बायपासनंतर. त्याआधी शाळेत, नोकरीत असं काहीच नव्हतं. समोर आकडे असायचे आणि डोक्यात सतत 'दवाखान्यातून फोन येईल का?' समुपदेशन घेतलं, काही महिन्यांत हिशेब पूर्वीसारखे जुळायला लागले. म्हणून सांगतो, चाचणीवर थांबू नका.

मनोविकार_समुपदेशक:
घोळ होतो, कारण लक्ष न लागणं आणि अस्वस्थपणा दोन्हींच्या लक्षणांत आहे. चिंतेत मन खुंटीला बांधलेल्या जनावरासारखं त्याच विचाराभोवती फिरतं. एडीएचडीत ते समोर येईल त्याच्या मागे जातं, मग ते चांगलं असो की कंटाळवाणं. आणि वर्षानुवर्षं कामं राहून बोलणी खाल्ली की त्यातून खरीखुरी चिंताही जडते. तुमच्या 'आणखी काय राहिलंय'चा उगम तिथे असू शकतो, पण ते तपासूनच ठरेल.

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन आधी बघून घ्या. चालू गोळी मनाने बंद करू नका आणि ती चालू असल्याचं नव्या डॉक्टरांना सांगा. एडीएचडीच्या मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने काहींची चिंता वाढते. तिथे अ‍ॅटोमोक्सेटिनसारखा दुसरा पर्याय असतो. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

साताऱ्याची_लेक:
आत्ताच आईशी बोलले. म्हणाली, "तिसरीत वर्षभरात तू चार डबे हरवलेस. शेवटच्यावर दुकानातून नाव घालून आणलं, तोही गेला. मारलं तुला त्यावरून." आणि फोनवर रडायला लागली. मीही रडले.

प्रगतिपुस्तकं माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, रविवारी जाऊन आणते. मंगळवारची वेळ घेतली आहे, आईही येतेय.