उत्तरेची खिडकी, ग्रिलबाहेर कुंड्यांना मनाई: खोलीत दिव्याखाली मिरची लावायची तर माती, पाणी, उजेड कसा ठरवायचा?

हिरवी_खिडकी (घोडबंदर रोड, ठाणे)

नमस्कार मंडळी. कासारवडवलीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. खिडकी उत्तरेला, समोर दुसरा टॉवर, ग्रिलबाहेर कुंड्या ठेवायला सोसायटीची मनाई. त्यामुळे बेडरूममध्ये ४ फूट बाय १ फुटाच्या लोखंडी रॅकवर ज्वाला मिरची, चेरी टोमॅटो, कोथिंबीर आणि पुदिना लावलाय.

सध्याची अवस्था: मिरचीची रोपं ६ आठवड्यांची, दोरीसारखी लांब, खालची पानं पिवळी होऊन गळतात. माती नर्सरीतली लाल माती आणि शेणखत, निम्मं निम्मं. पाणी रोज सकाळी एक पेला. दिवा ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब, रोपांपासून ३ फूट वर. कुंड्यांभोवती बारीक काळ्या माश्या घोंगावतात. खत कमी पडतंय का? कुठलं घालू?

मिरची_नेरुळ

खत आत्ता अजिबात घालू नका. हा उपासमारीचा प्रकार नाही, अंधाराचा आहे. बाकीचं सगळं त्यातूनच आलंय.

९ वॅटच्या बल्बचा उजेड तीन फुटांवर जेमतेम २०० लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक) पडतो. भर दुपारच्या उन्हात १,००,००० लक्सच्या आसपास असतात. आपले डोळे कमी उजेडाशी जुळवून घेतात, म्हणून खोली लख्ख वाटते, पण झाडाला तशी सोय नाही. उजेड कमी पडला की ते सगळी ताकद खोड लांबवण्यात घालतं आणि खालची पानं सोडून देतं. उत्तरेच्या खिडकीवर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो खरा, पण त्यातला निम्मा काळ ढगांत जातो आणि तुमच्यासमोर टॉवर आहे.

फोनवर लक्स मोजायचं कुठलंही फुकट ॲप घ्या. फोन पानांच्या उंचीवर, पडदा दिव्याकडे करून आडवा धरा. आकडा शंभर टक्के अचूक नसतो, पण २०० आणि २०,००० यांतला फरक नक्की कळतो. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० ने भागलं की झाडाला उपयोगी प्रकाशाचा आकडा, म्हणजे पीपीएफडी, ढोबळमानाने मिळतो. त्याला दिव्याच्या तासांनी आणि मग ०.००३६ ने गुणा, की दिवसभरात झाडाला किती मोल प्रकाश मिळाला ते कळतं. मिरचीला फळं धरायला किमान १५ मोल लागतात. टोमॅटोला २० च्या वर. कोथिंबीर, पुदिना ९-१० वर बरे वाढतात.

आता तुमच्या रॅकचा हिशेब. ४ बाय १ फूट म्हणजे ०.३७ चौरस मीटर. चार फुटी, २० वॅटच्या, २००० ल्युमेनच्या (ट्यूबमधून निघणारा एकूण उजेड) पांढऱ्या ट्यूब, ४००० ते ६५०० केल्विनमधली (उजेडाची छटा) कुठलीही चालेल. चार ट्यूब पानांपासून १५ सेंटीमीटरवर लावल्या तर बाजूला सांडणारा उजेड वजा जाता १५,००० लक्सच्या आसपास मिळतात. १२ तास चालवलं तर कोथिंबीर-पुदिन्याला भरपूर झालं. मिरचीला सहा ट्यूब लावा, पाच-पाच सेंटीमीटर अंतराने. मग २२,००० लक्स, १४ तासांत साधारण १६ मोल. रॅकच्या तिन्ही बाजूंना पांढरा थर्माकोल किंवा पांढरा फ्लेक्स लावा. चकचकीत फॉइल सुरकुतली की ठिपक्याठिपक्यांनी उजेड टाकते, त्यापेक्षा साधा पांढरा रंग बरा.

एक महत्त्वाचं: रोपं अंधारातून थेट सहा ट्यूबखाली ढकलू नका, पानं पांढरी पडून भाजतात. पहिले ३ दिवस दिवा ४० सेंटीमीटरवर, मग दर दोन दिवसांनी ५ सेंटीमीटर खाली. दीड-दोन आठवड्यांत १५ वर येईल. नव्या पानांमधलं खोड आखूड यायला लागलं की वरचा शेंडा पाचव्या-सहाव्या पानावर खुडा, बगलेतून फांद्या फुटतील. लांबलेलं जुनं खोड आखूड होणार नाही, त्याला काठीचा आधार द्या.

दिवा २४ तास चालू ठेवू नका. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ असं वाटतं, पण सततच्या प्रकाशात टोमॅटोची पानं पिवळी, ठिपक्यांची होतात, त्याला रात्र लागतेच. कोथिंबिरीला १२ तासांच्या वर नको. दिवस लांबला आणि खोली तापली की ती पानं सोडून तुऱ्यावर जाते. म्हणून कोथिंबीर मिरचीच्या कप्प्यात ठेवू नका, खालच्या कप्प्यात वेगळ्या टायमरवर ठेवा.

कोकोपीट_वाशी

नेरुळकरांनी उजेडाचं नीट सांगितलंय. त्यालाच जोडून माती आणि पाणी, कारण हे तिन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत. कमी उजेडात झाड पाणी कमी ओढतं. तुम्ही रोज पेलाभर घालताय, झाड त्यातलं चतुर्थांशसुद्धा पीत नाही. लाल माती उरलेलं धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं सडतात. सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही झाड मलूल दिसतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. खालची पिवळी पानं अंधारामुळेही आणि यामुळेही.

फरक हाताने ओळखा. पाणी जास्त झालेलं पान मलूल असलं तरी बोटांत जाडसर, मऊ लागतं. तहानलेलं पान कागदासारखं पातळ आणि कोरडं लागतं.

बंद खोलीतल्या कुंडीसाठी लाल माती नको. बागेत तिला गांडुळं आणि मुळं मोकळी करतात, कुंडीत ती महिनाभरात विटेसारखी बसते. १० लिटर मिश्रणाला ५ लिटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ३ लिटर चाळलेलं गांडूळखत, २ लिटर पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खनिज दाणे) आणि दोन मुठी (साधारण ५० ग्रॅम) निंबोळी पेंड. पर्लाइट महाग वाटलं तर भाताचं तूस अर्धवट जाळून घ्या. रायगडात भाताच्या गिरणीवर तूस सहज मिळतं. कच्चं शेणखत घरात आणूच नका, वास येतो आणि माश्या त्याच्यावरच पोसतात.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पानांची टोकं करपली म्हणून खत शोधतात. नारळाचा काथ्या बऱ्याचदा किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो, त्यात मीठ राहतं. ६५० ग्रॅमची वीट ४ लिटर कोमट पाण्यात टाका, तासाभरात फुगून ८-९ लिटर होते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात घेऊन पिळा. पहिलं पाणी काळ्या चहासारखं येईल. पुन्हा पाणी, पुन्हा पिळा. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाणी फिकट येतं. त्यानंतर कॅल्शियम नायट्रेट, लिटरला २ ग्रॅम, अशा पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी पिळून घ्या. कोकोपीट स्वतः कॅल्शियम धरून ठेवतं आणि सोडियम-पोटॅशियम सोडतं, ती अदलाबदल कुंडीत होण्याआधी बादलीत होऊ द्यायची.

कुंडी: एका मिरचीला १० लिटर, तळाला किमान ५ भोकं. पुदिना ८ इंची कुंडीत एकटाच ठेवा, शेजाऱ्याला जगू देत नाही. कोथिंबिरीला १५ सेंटीमीटर खोल ट्रे पुरतो. तळाला खडी-विटांचे तुकडे घालायची सवय सोडा. निचरा त्याने सुधारत नाही, उलट ओला थर वर, मुळांजवळ सरकतो.

आता पाणी. "रोज", "एक दिवसाआड" असं काही ठरवू नका. सामान तोलायचा हुकवाला काटा घ्या. कुंडीला सुतळीचं शिंकं बांधा. एकदा भरपूर पाणी घाला, निथळू द्या, अर्ध्या तासाने तोला. समजा ६ किलो भरली. रोज त्याच वेळी तोलत राहा. वजन साडेचारवर आलं की पाणी द्या: दीड लिटर अधिक तळातून थोडं बाहेर यावं म्हणून २०० मिलिलिटर. हळूहळू, दोन-तीन हप्त्यांत, म्हणजे कडेने नुसतं वाहून जाणार नाही. ताटलीत आलेलं पाणी १५ मिनिटांत ओतून टाका. दोन-तीन आठवड्यांत काट्याची गरज उरणार नाही, कुंडी उचलली की हाताला कळतं. लहान रोपांना मोठ्या कुंडीत मुळांभोवतीच पाणी द्या, आख्खी कुंडी भिजवू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन पाण्यांतलं अंतर मेच्या मानाने जवळजवळ दुप्पट होतं, एसी चालू असेल तर पुन्हा कमी होतं. म्हणूनच वार धरून पाणी द्यायचं नाही.

पाणी कुठलं तेही बघा. वाशी-नेरुळला मोरब्याचं, ठाण्यात भातसा-उल्हासचं, दोन्ही नदी-धरणाचं हलकं पाणी, झाडाला उत्तम. पण घोडबंदरला बऱ्याच सोसायट्यांत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळतं. पेनसारखा टीडीएस मीटर घ्या, तो पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवतो. ३०० च्या आत असेल तर डोकं शिणवू नका. ५०० च्या वर असेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं चांगलं पाणी ओतून क्षार धुऊन काढा. बाथरूमला सॉफ्टनर असेल तर त्याचं पाणी नको, त्यात सोडियम असतं.

हिरवी_खिडकी (घोडबंदर रोड, ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. टीडीएस मोजला, ४१० आला. तीन शंका. सहा ट्यूबचं बिल किती येईल? ऑनलाइन "१००० वॅट" लिहिलेला जांभळा दिवा स्वस्तात दिसतोय, तो घेऊ का? आणि माश्यांचं काय करू?

खारघर_वायरमन

बिलाचं सांगतो. सहा ट्यूब म्हणजे १२० वॅट, १४ तास, दिवसाला १.६८ युनिट, महिन्याला ५० युनिट. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे तुमचा वापर ३०० युनिटच्या काठावर असेल तर हे ५० युनिट वरच्या दराने पडतात. आधी मागचं बिल काढून बघा.

जांभळा दिवा नको. "१००० वॅट" हा आकडा ओढलेल्या विजेचा नसतो. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर लावलात तर त्यातले बरेचसे दिवे १०० च्या आसपास ओढतात. शिवाय त्या जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे हे दिसतच नाही, रोग उशिरा कळतो. पैसे घालायचेच असतील तर पांढऱ्या एलईडीची पट्टीच्या आकाराची ग्रो लाइट घ्या, जिच्यावर खरे वॅट आणि वॅटला २.५ मायक्रोमोल (दर वॅटमागे झाडाला उपयोगी किती प्रकाश निघतो तो आकडा) असं स्पष्ट लिहिलेलं असेल. ६५ वॅटमध्ये सहा ट्यूबचं काम होतं, महिन्याला २७ युनिट. चौकोनी पॅनल तुमच्या लांबट रॅकला बसत नाही, मधलं झाड भाजतं आणि टोकाची उपाशी राहतात.

आणि बेडरूम आहे म्हणून हे नीट वाचा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर किंवा कुंडीखालच्या कप्प्यात ठेवू नका, भिंतीवर, रॅकच्या बाजूला स्क्रूने बसवा. प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली झोळ सोडा. म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. लोखंडी रॅकला अर्थिंग द्या आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघा. तिचं टेस्ट बटण दाबा. ती पडली नाही तर पाणी आणि वीज एका रॅकवर आणायच्या आधी ती बदला. टायमर १६ अँपिअरचा साधा फिरत्या चकतीचा पुरतो. वीज गेली तर तो तेवढा वेळ मागे पडतो, आठवड्यातून एकदा घड्याळाशी जुळवा.

मिरची_नेरुळ

४१० ला काही करायची गरज नाही, दोन महिन्यांनी पुन्हा मोजा.

माश्या म्हणजे बुरशीवर जगणारी चिलटं. उडणारी त्रास देत नाहीत, त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये कोवळी मुळं खातात. खात्री करायची तर कच्च्या बटाट्याची अर्धा सेंटीमीटर जाड चकती मातीवर दाबून ठेवा. दोन दिवसांनी उलटा. पारदर्शक अंग आणि काळं चकचकीत डोकं असलेल्या, तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या चिकटलेल्या दिसतील. चकती पिशवीत बांधून टाका, नवी ठेवा. वरचा थर पूर्ण वाळू दिला की त्यांची निम्मी सोय संपते. शिवाय पिवळे चिकट सापळे मातीलगत आडवे ठेवा, उंच टांगून उपयोग कमी. अंड्यापासून माशीपर्यंत तीन-चार आठवडे जातात, म्हणून दोन आठवड्यांत कमी दिसल्या तरी सापळे महिनाभर काढू नका.

मिश्रण बदलताना जुनी लाल माती मुळांवरून अर्धीच झाडा, सगळी धुऊ नका. सडलेली, तपकिरी, ओढली की साल निघणारी मुळं कापा. बदलल्यावर तीन आठवडे खत नाही, गांडूळखत पुरतं. मग १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या कुंडीलाच. फुलं आली की पंधरा दिवसांतून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, पण दोन्ही एका बादलीत कधीच नाही, फॉस्फेट आणि कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

रोज पानं उलटून बघा. शेंड्याची पानं वर वळून द्रोणासारखी झाली तर फुलकिडे, खाली वळून अरुंद झाली तर कोळी ही बारीक कीड. शेतकरी दोन्हीला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. सुरुवातीलाच निंबोळी तेल ५ मिलिलिटर आणि द्रव साबण १ मिलिलिटर एक लिटर पाण्यात घोटून, दिवा बंद झाल्यावर पानाच्या खालून फवारा. दिव्याखाली तेल लावलं तर पान भाजतं. बंद खोलीत वारा नसतो, म्हणून छोटा पंखा रॅकवरून जाईल असा लावा, पानं हलकी हलली की पुरे.

चेरी टोमॅटो मात्र या रॅकवरून काढा. त्याला १५-२० लिटर माती आणि उंची दोन्ही लागतं, दोन कप्प्यांमधल्या दीड फुटात तो मावणार नाही. लावायचाच असेल तर बुटक्या जातीचं बी आणा. मिरचीला खोलीत मधमाशी येत नाही, म्हणून फुलं उमलली की दिवा लागल्यावर दोन-तीन तासांनी प्रत्येक फांदी बोटाने दोनदा टिचका. हवा ८० टक्क्यांपेक्षा दमट असेल तर पराग चिकटून बसतात आणि फुलं गळतात. पावसाळ्यात त्या वेळी पंखा किंवा एसीचा ड्राय मोड तासभर चालवून मग टिचका.