अमेरिकेतल्या टाउनशिपमधलं जगणं: तुमचे अनुभव लिहा

आम्ही ओहायोत मका-सोयाबीनच्या शेतांमधल्या एका टाउनशिपमध्ये राहतो, सहा वर्षं झाली. टाउनशिप म्हटलं की आपल्याकडे बिल्डरने बांधलेल्या इमारती डोळ्यांसमोर येतात. इथली टाउनशिप म्हणजे मैलोन्‌मैल शेती, विखुरलेली घरं, एक दफनभूमी आणि कारभाराला निवडून दिलेले तीन ट्रस्टी. १७८५च्या कायद्याने जमीन मोजली ती सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनांत. प्रत्येकाचे ३६ तुकडे आणि त्यातला सोळावा शाळेसाठी राखलेला. पुढे मापं सगळीकडे तशीच राहिली नाहीत, पण इथले रस्ते आजही काटकोनात वळतात. न्यूयॉर्क-शिकागोबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. अशा आडगावी राहणाऱ्यांनी आपलं लिहा, चांगलं-वाईट सगळं.

मिनेसोटा

आमच्याकडे मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी टाउनशिपची वार्षिक सभा असते. ग्रामसभाच म्हणा, फक्त इथे कर किती लावायचा हे जमलेले मतदार स्वतः मत देऊन ठरवतात. नागरिक झाल्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वीसेक माणसं होती. दीड तास खडीवर चर्चा चालली. कुठल्या रस्त्यावर किती ट्रक टाकायच्या, उन्हाळ्यात धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराईड मारायचं की नाही. एका आजोबांनी करवाढीला कडाडून विरोध केला आणि ते हरले. सभा संपल्यावर ज्याच्याशी वाद घातला होता त्याच्याच जोडीने त्यांनी खुर्च्या उचलून ठेवल्या. माझ्या आजोळी गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या ग्रामसभा मी लहानपणी पाहिल्यात. इथे वीस माणसं येतात, पण आपल्या रस्त्याचा हिशेब तोंडपाठ करून येतात. गेल्या वर्षापासून मीही खडीचे दर विचारून जातो.

पेनसिल्व्हेनिया

जानेवारीतल्या रात्री आमच्या धुराड्याला आग लागली. ९११ला फोन केला, थोड्याच वेळात बंब दारात. आग विझल्यावर त्यांनी हेल्मेटं काढली तेव्हा ओळख पटली. एक आमच्या मुलीच्या स्कूल बसचा ड्रायव्हर, एक आमची गाडी दुरुस्त करणारा. तिसरा तिथून थेट गोठ्यात जाणार होता, धारा काढायची वेळ झालेली. कुणालाच पगार नाही, सगळे स्वयंसेवक. आमच्याकडे बंबाचा खर्चही बराचसा बिंगो, चिकन बार्बेक्यू आणि लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) शुक्रवारच्या मासळी-जेवणातून उभा राहतो.

तेव्हापासून लेंटचे शुक्रवार माझे फायर हॉलच्या स्वयंपाकघरात जातात. मी मासे करत नाही, पिरोगी करते. मैद्याची पारी, आत बटाटा आणि चीज, मग उकळत्या पाण्यात सोडायची. बाकीच्या काट्याने कडा दाबत होत्या, मी सवयीने करंजीसारखी मुरड घातली. माझी एकही पाण्यात फुटली नाही. शेजारी उभ्या असलेल्या ऐंशीच्या आजींनी लगेच हातातलं काम थांबवलं आणि म्हणाल्या, "हे सगळ्यांना शिकव."

काळजी एकच वाटते, दिवसा बंबावर जायला माणसं मिळत नाहीत. तरुण मंडळी नोकरीला लांब जातात.

मिशिगन

माझा अनुभव इतका गोड नाही. मी डॉक्टर, जे-१ व्हिसावर होतो. शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी जायची अट असते. डॉक्टरांची चणचण असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ती माफ होते, आणि त्यासाठी दर राज्याला वर्षाला ३० जागा. त्यातून आम्ही शुगर बीटच्या पट्ट्यात पोचलो. पेशंट मायाळू होते, घरची मक्याची कणसं आणून द्यायचे. पण बायकोला काम करायची परवानगी नव्हती. रस्त्यात सगळे हात करायचे, दीड वर्षात घरी मात्र कुणी बोलावलं नाही. इथे सगळे एकमेकांचे चुलत-मावस. डाळ-तांदळासाठी दोन तास गाडी. तीन वर्षं संपली त्याच महिन्यात आम्ही निघालो. निघताना पेशंट रडले, मीही. तरी राहिलो नाही.

इंडियाना

आमची मुलगी दहाव्या वर्षी फोर-एचमध्ये (मुलांना शेती, जनावरं वगैरे हाताने करून शिकवणाऱ्या संस्थेत) गेली आणि कोकरू पाळायचं म्हणाली. आम्ही शाकाहारी, घरात वादावादी झाली. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या गोठ्यात जागा दिली. उन्हाळाभर ती पहाटे उठून त्याला दाणा घालायची, फिरवायची, वहीत वजन लिहायची. जुलैत काउंटी फेअरमध्ये लिलाव. तिथे विकलेलं जनावर कुठे जातं हे तिला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं. बोली संपली, धान्य कोठारवाल्याने बाजारभावापेक्षा बरेच जास्त पैसे दिले (मुलांना हातभार म्हणून इथले व्यावसायिक मुद्दाम देतात) आणि ही कोकराच्या मानेला मिठी मारून उभी. मला काही सुचेना. शेजारी आले, एक बादली तिला उपडी करून दिली, दुसरीवर स्वतः बसले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "माझंही पहिलं असंच गेलं."

घरी आल्यावर तिने खरेदीदाराला आभाराचं पत्र लिहिलं, तशी रीतच आहे. या वर्षी तिने अंड्यांच्या कोंबड्या घेतल्यात. वही तीच. कालच्या पानावर लिहिलंय, अकरा अंडी.